मद्यविकारावरील वनौषधी : परंपरा आणि प्रमाण

'खुमारी' हा शब्द मराठी माणूस मोठ्या रसिकतेने वापरतो. गाण्याची खुमारी, गोष्टीची खुमारी, पहाटेच्या झोपेची खुमारी! परंतु ज्या फारसी भाषेतून हा शब्द इकडे आला, त्या भाषेत 'खुमार' म्हणजे मद्याची धुंदी ओसरल्यावर मागे राहणारी डोकेदुखी, ग्लानी आणि तोंडाची कोरड. मराठीने त्या शब्दातील गोडवा उचलला आणि डोकेदुखी फारसीकडेच राहू दिली. त्यामुळे ही दुसऱ्या दिवशीची अवस्था सांगावयाची झाली म्हणजे आजच्या शहरी घरात 'हँगओव्हर' हा इंग्रजी शब्दच कामी येतो.

नाव परके असले, तरी विकार फार जुना आहे, आणि त्यावरील उताऱ्यांना तर सीमाच नाही. कोणी लिंबाचे सरबत सुचवितो, कोणी ताक, कोणी आल्याचा काढा, कोणी मध. आणि प्रत्येकजण आपल्या उपायाचा गुण हमखास येतो म्हणून छातीला हात लावून सांगतो. या उताऱ्यांपैकी खरोखर किती उपयोगी पडतात, आणि पडतात हे कशावरून म्हणावयाचे, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. तो केवळ पिणाऱ्यांपुरताच नाही. सकाळी डोके धरून बसलेल्या माणसाला काय द्यावे आणि केव्हा डॉक्टरकडे न्यावे, हा निर्णय पुष्कळ वेळा घरातील न पिणाऱ्या माणसांनाच घ्यावा लागतो. आणि त्या निर्णयावर क्वचित प्रसंगी प्राणही अवलंबून असतो.

प्रथम आपल्याकडील जुन्या वैद्यकाकडे पाहू गेल्यास असे दिसते की, प्राचीन आचार्यांनी या विकाराकडे दुर्लक्ष केलेले नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय सबंध मदात्ययाला दिलेला आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे चार निरनिराळे विकार सांगितले असून, पुढे माधवनिदानानेही तीच विभागणी स्वीकारली आहे. यांपैकी 'परमद' या विकाराची लक्षणे पाहावी : अंग जड होणे, तोंडाची चव जाणे, अन्नावरची वासना उडणे, तहान लागणे, डोके दुखणे आणि सांधे फुटल्यासारखे वाटणे. आजच्या एखाद्या डॉक्टरला हँगओव्हरचे वर्णन लिहावयास सांगितले, तर तो यात फारशी भर घालू शकणार नाही. निरीक्षणाच्या बाबतीत हे जुने वैद्य कोठेही कमी पडलेले नाहीत.

उपायांच्या बाबतीत त्यांनी काय सांगितले? चरकाच्या सूत्रस्थानात मद्यविकारावर एक मंथ सांगितला आहे; पुढील ग्रंथांत तो 'खर्जूरादि मंथ' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील द्रव्ये मराठी गृहिणीला ओळखीची आहेत. खर्जूर म्हणजे खजूर, मृद्वीका म्हणजे मनुका, अम्लिका म्हणजे चिंच, दाडिम म्हणजे डाळिंब, परूषक म्हणजे फालसा, आमलक म्हणजे आवळा. आणि वृक्षाम्ल या नावाने बहुतेक वैद्य ज्याचा उपयोग करतात ते कोकणातील व गोव्यातील घरोघरीचे कोकम. मंथ करण्याची रीत शार्ङ्गधराने दिली आहे : कुटलेले द्रव्य चौपट थंड पाण्यात घालावे, घुसळावे आणि प्यावे. ना चूल, ना भट्टी. उन्हाळ्यात पन्हे किंवा कोकमाचे सरबत करणाऱ्या घराला ही कृती मुळीच नवीन वाटणार नाही.

दुसरा उपाय मात्र चमत्कारिक वाटण्याजोगा आहे. अयोग्य रीतीने घेतलेल्या मद्यापासून झालेला विकार योग्य मात्रेत घेतलेल्या मद्यानेच शमतो, असे चरकाने म्हटले आहे. त्यामागे त्याची उपपत्तीही आहे : अति मद्याने विदग्ध झालेला अन्नरस क्षाराच्या गुणाचा होतो, अम्ल पदार्थाचा क्षाराशी संयोग झाला की माधुर्य येते, आणि अम्लांमध्ये मद्य श्रेष्ठ. याही उपायाने विकार न शमल्यास मद्य सोडून दुधाचा प्रयोग करावा, असेही तो सांगतो. भैषज्यरत्नावलीतील श्रीखंडासव हेही याच प्रकरणातील औषध असून, आसव म्हटले की त्यात आंबवण्याच्या क्रियेने तयार झालेला मद्यार्काचा अंश आलाच. सारांश, काट्याने काटा काढावा ही कल्पना केवळ मद्यपींच्या गप्पांतली नाही. तिला शास्त्रग्रंथात स्थान मिळालेले होते.

इतर देशांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. रोमन लेखक केटो याने भोजनापूर्वी व भोजनानंतर कच्चा कोबी खाण्याचा सल्ला दिला. ईजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेल्या, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका पपायरसावर मद्याच्या डोकेदुखीसाठी एका झुडपाच्या पानांची माळ गळ्यात घालावी, असा उपाय लिहिलेला आहे. हा लेख 2015 मध्ये प्रकाशित झाला. चीनमध्ये कुडझू नावाच्या वेलीची फुले या कामी वापरीत. ली डोंगयुआन (1180 ते 1251) या नामांकित वैद्याचा या फुलांवरून नाव पडलेला काढा अद्यापही तेथील वैद्यकात प्रसिद्ध आहे.

प्लुटार्कने दिलेली एक हकीकत या संदर्भात विशेष मनोरंजक आहे. टायबेरियस बादशहाचा पुत्र ड्रूसस याच्या पदरी एक वैद्य होता. मद्यपानात त्याला कोणी हरवू शकत नसे. शोध करता असे आढळले की, पिण्यास बसण्यापूर्वी तो पाचसहा कडू बदाम खात असे. ते खाण्यास त्याला मनाई करण्यात आली, तेव्हा तो मुळीच टिकाव धरू शकला नाही. औषध असताना काय होते आणि नसताना काय होते, हे ताडून पाहण्याची बुद्धी त्या लोकांना झाली, ही गोष्ट कौतुकाची खरी. पण एकच मनुष्य, त्याला बदाम मिळाले की नाहीत हे पक्के ठाऊक, आणि न मिळाल्यामुळे धीर खचलेला. एवढ्यावरून बदामाचा गुण सिद्ध होत नाही. शिवाय कडू बदामांतून पोटात सायनाइड हे विष मोकळे होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हा उतारा घरी करून पाहण्याजोगा खचितच नव्हे.

आता या विकाराचे मूळ शरीरात कसे असते हे थोडक्यात पाहणे इष्ट होईल. पोटात गेलेल्या मद्यार्काचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या दाहक द्रव्यात रूपांतर होते, आणि पुढे त्यापासून ॲसिटेट हे निरुपद्रवी द्रव्य बनते. हे काम दोन निरनिराळी विकरे करतात. यकृताचा वेग ठरलेला आहे. साधारण माणसात तो तासाला सातआठ ग्रॅम मद्यार्काच्या आसपास असतो, आणि कॉफीने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने तो वाढत नाही. मद्यार्क मेंदूतून सुटणाऱ्या एका संप्रेरकाला आवर घालतो व त्यामुळे लघवी अधिक होते. 50 ग्रॅम मद्यार्क पाव लिटर पाण्यातून घेतला, तर पुढील काही तासांत 600 पासून 1000 मिलिलिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाते. जठराच्या अस्तराचा दाह होतो, झोप तुटक लागते, रक्तातील साखर उतरण्याचा संभव असतो, आणि शरीरातील दाहप्रक्रिया जागी होते. यात आणखी मद्याच्या रंगाचा व जातीचाही भाग आहे. गडद रंगाच्या मद्यांत मद्यार्काखेरीज इतर उपद्रव्ये पुष्कळ असतात व त्यांनी दुसऱ्या दिवशीचा त्रास वाढतो.

या विकाराची गंमत अशी की, रक्तातील मद्यार्क शून्याला येऊ लागतो तेव्हा त्रास शिगेला पोहोचतो. म्हणजे ही विषाची भरती नसून ओहोटीनंतरची चिखलवाट आहे. तिची कारणे एकाहून अनेक असल्यामुळे एकाच मुळीने किंवा पानाने ती सर्व एका फटक्यात नाहीशी होतील, ही आशा मुळातच दुबळी ठरते.

या माहितीच्या प्रकाशात खर्जूरादि मंथाकडे पुन्हा पाहिले, तर त्यात काही शहाणपण आहे हे दिसून येते. त्यात पाणी आहे, सहज पचणारी साखर आहे, फळांतील पोटॅशियम आहे आणि कोरड्या तोंडाला रुची आणणारा आंबटपणा आहे. तहानलेल्या, उपाशी, अन्नाचा तिटकारा आलेल्या माणसाच्या पोटात हे पेय जाऊ शकते. परंतु तहान भागणे निराळे आणि विकार बरा होणे निराळे. पाण्याने तोंडाची कोरड जाते. डोकेदुखी, ग्लानी व मळमळ यांवर त्याचा परिणाम बेताचाच होतो. हा मंथ उत्तम पेय आहे, एवढे निर्विवाद म्हणता येते. मद्यविकारावरील औषध म्हणून त्याची योग्यता ठरविण्यास निराळे प्रमाण पाहिजे.

प्रमाणाचा विषय निघाला म्हणजे चरकाचेच स्मरण होते. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ति अशी परीक्षेची चार साधने त्याने सांगितली आहेत. ग्रंथात लिहिले आहे हा आप्तोपदेश झाला. 'मला गुण आला' हे प्रत्यक्ष. परंतु या विशिष्ट विकारात प्रत्यक्ष हे फसवे साक्षीदार आहे. कारण हँगओव्हर काहीही न करता साधारणपणे एका दिवसात आपोआप ओसरतो. सकाळी आठ वाजता ताक घेतले आणि दुपारी बारा वाजता डोके हलके झाले, तर श्रेय ताकाला मिळते. वास्तविक ते काम घड्याळाने केलेले असते. जो विकार आपोआप बरा होतो, त्यावर प्रत्येक औषध रामबाण ठरते. प्रत्येकजण आपल्या उताऱ्याबद्दल इतक्या निश्चयाने का बोलतो, याचे उत्तर येथे सापडते.

यास्तव आधुनिक परीक्षेची रीत निराळी ठेवावी लागते. सारख्या प्रमाणात मद्य घेतलेल्या माणसांपैकी काहींना खरे औषध द्यावयाचे, काहींना दिसावयास हुबेहूब तशीच पण औषधहीन गोळी द्यावयाची, कोणाला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, आणि शेवटपर्यंत देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही त्याचा पत्ता लागू द्यावयाचा नाही. अशा परीक्षांचा एकत्रित आढावा 2005 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सर्व शोधाअंती अवघ्या आठ परीक्षा विचारात घेण्याजोग्या मिळाल्या. त्यांत काही रासायनिक औषधे होती, फळांतील साखर होती, यीस्टपासून केलेला एक पदार्थ होता, आणि बोरेज, आर्टिचोक व निवडुंग या वनस्पतीही होत्या. मद्यविकार टाळण्यास किंवा बरा करण्यास कोणताही उपाय गुणकारी आहे असे पटविणारा पुरावा नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष निघाला.

यांपैकी दोन वनस्पतींची कथा पाहण्यासारखी आहे. आर्टिचोक ही यकृताला हितकर म्हणून युरोपात नावाजलेली वनस्पती. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत पंधरा माणसांना एकदा तिचा अर्क आणि एकदा नाममात्र गोळी देऊन पाहिली; दोहोंत फरक दिसला नाही. निवडुंगाची गोष्ट अधिक आशादायक आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील परीक्षेत चौसष्ट तरुण सहभागी झाले. मद्यपानाच्या पाच तास आधी त्यांना निवडुंगाच्या फळाचा अर्क देण्यात आला. मळमळ, तोंडाची कोरड आणि अन्नद्वेष ही तीन लक्षणे कमी झाली, आणि तीव्र हँगओव्हरचा संभव निम्म्यावर आला. परंतु सर्व लक्षणांची एकत्र बेरीज केली असता पडलेला फरक निश्चित म्हणण्याइतका नव्हता. शिवाय औषध घ्यावयाचे होते मद्याच्या आधी! सकाळी डोके धरून बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? महाराष्ट्रातील माळरानांवर दिसणारा फड्या निवडुंग हा त्या अमेरिकन निवडुंगाच्या गणगोतातला असला, तरी तीच जात नव्हे. तेव्हा कुंपणाचा निवडुंग कुटून पिण्यास या परीक्षेचा आधार नाही, हेही सांगितले पाहिजे.

यानंतर 2022 मध्ये 'ॲडिक्शन' या नियतकालिकात आणखी विस्तृत आढावा आला. त्यात एकवीस परीक्षा आणि एकूण 386 माणसे होती. लवंगेचा अर्क, कोरियातील तांबडा जिनसेंग, कोरियन नासपतीचा रस असे अनेक उपाय त्यात तपासले गेले. काही परीक्षांत गुण दिसला. लवंगेचा अर्क पुढील शोधाला योग्य, असे आढावा घेणाऱ्यांना वाटले. परंतु सर्व पुराव्याचा दर्जा त्यांनी अत्यंत कनिष्ठ ठरविला. एकाच उपायाची दोन निरनिराळ्या परीक्षांत छाननी झाली आहे असे एकही उदाहरण त्यांना मिळाले नाही, आणि आठ परीक्षा तर केवळ पुरुषांवरच झालेल्या होत्या. लवंगेच्या परीक्षेत सोळा पुरुष होते. तेथे वापरलेला अर्क प्रयोगशाळेत विशिष्ट रीतीने तयार केलेला होता. मसाल्याच्या डब्यातील दोन लवंगा चावणे ही त्याची बरोबरी नव्हे. आल्यासंबंधी एवढे म्हणता येते की, गर्भारपणातील मळमळीवर त्याचा थोडा उपयोग होतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे. त्यावरून मद्याच्या मळमळीवरही होईल असे अनुमान करता येते. पण ते अनुमानच.

अनुमान आणि युक्ती यांनीही मनुष्य कसा चकतो, याचे उत्तम उदाहरण चीनमधील कुडझू वेलीने घालून दिले आहे. 1993 मध्ये हार्वर्डच्या दोन शास्त्रज्ञांनी या वेलीतील डेडझिन हे द्रव्य मद्याची आवड असलेल्या हॅमस्टर जातीच्या उंदरांना दिले, तेव्हा त्यांचे मद्यपान निम्म्याहून खाली आले. साहजिकच वेलीची कीर्ती वाढली आणि तिच्या मुळ्या हँगओव्हरवरील गोळ्यांत जाऊन बसल्या. परंतु डेडझिनचे कार्य काय? ॲसिटाल्डिहाइडची पुढे विल्हेवाट लावणारे जे विकर, त्यालाच ते अडविते. 1948 मध्ये डेन्मार्कमध्ये पुढे आलेले डायसल्फिराम हे दारू सोडविण्याचे औषध याच विकराला रोखते, आणि ते घेऊन कोणी प्याला तर त्याला असह्य त्रास होतो. तेव्हा मद्याबरोबर कुडझूचे मूळ घेणारा माणूस विष बाहेर घालविण्याऐवजी ते शरीरात कोंडण्याचाच संभव अधिक, असा इशारा 2007 मध्ये संशोधकांनी दिला. जुने चिनी वैद्य फुले वापरीत. व्यापाऱ्यांनी मूळ वापरले. एकाच वेलीचे दोन भाग, पण गुण निराळे! सह्याद्रीत आढळणारी घोडवेल, जिचा कंद विदारीकंद म्हणून वापरला जातो, ही कुडझूची चुलत बहीण आहे. परंपरेचा आधार सांगताना कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या मात्रेत आणि कोणत्या वेळी, या चारही प्रश्नांची उत्तरे परंपरेतूनच घ्यावी लागतात. त्यांतले सोयीचे तेवढे घेऊन चालत नाही.

आता अधिक गंभीर बाजू. सकाळी पुन्हा थोडे मद्य घ्यावे म्हणजे बरे वाटते, हा समज आजही सर्वत्र आढळतो. बरे वाटते हे खोटे नाही. मद्यात अल्प प्रमाणात मिथेनॉल असते. त्याचे शरीरात फॉर्मल्डिहाइड व फॉर्मिक आम्ल बनते, आणि ताज्या मद्याने ही क्रिया काही काळ थांबते. चरकाचे निरीक्षण बरोबर होते असे म्हणावयास येथे जागा आहे. परंतु त्रास थांबत नाही, तो लांबणीवर पडतो. आणि ज्याला सकाळच्या पेल्यावाचून हात स्थिर ठेवता येत नाही, त्याला हँगओव्हर झालेला नसून व्यसन लागलेले आहे, असे समजावे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू सोडली, तर दोनचार दिवसांत कंप, झटके, भ्रम अशी लक्षणे उद्भवतात व ती प्राणघातकही ठरू शकतात. अशा माणसाला काढे पाजीत घरी ठेवणे धोक्याचे आहे.

त्याहूनही मोठा धोका विषारी दारूचा. भेसळीच्या दारूत मिथेनॉल मोठ्या प्रमाणात असले, तर पिणाऱ्याला पहिले बारा ते चोवीस तास विशेष काही होत नाही. मग डोकेदुखी, मळमळ, ओकारी व पोटदुखी सुरू होते. घरच्या माणसांना वाटते, रात्रीची अजून उतरलेली नाही. लिंबूपाणी दिले जाते, झोपू दिले जाते. एवढ्यात फॉर्मिक आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर घाव घालते, दृष्टी धूसर होते, आणि पुढे श्वास थांबतो. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशाच दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. या विषावर रुग्णालयात उतारा आहे. वेळेवर नेल्यास औषधाने व रक्तशुद्धीच्या यंत्राने रोगी वाचू शकतो. म्हणून घरगुती उपाय करण्यापूर्वी नजर तपासावी. पुढे धुके दिसते, बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसते, असे जो म्हणेल, त्याला एक घोटही न पाजता रुग्णालयात न्यावे. जो जागा होत नाही, ज्याचा श्वास मंद व घरघरीचा आहे, ज्याला झटके येतात किंवा ओकारीत रक्त पडते, त्याच्याही बाबतीत हाच नियम. बेशुद्धाला चिंचेचे पाणी पाजण्याच्या उत्साहाने ते श्वासनलिकेत जाऊन प्राण जाऊ शकतो.

डोकेदुखीच्या साध्या गोळ्यांबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. नेहमी भरपूर पिणाऱ्याच्या यकृताला पॅरासिटामॉल अपायकारक होऊ शकते, आणि ॲस्पिरिन आधीच दाह झालेल्या जठराला अधिक डिवचते. वनौषधी म्हणजे निरुपद्रवी, असा सरसकट समजही खरा नाही. ज्या द्रव्यात शरीरावर कार्य करण्याचे सामर्थ्य आहे, त्यात अपाय करण्याचेही सामर्थ्य असते. आणि दोहोंचा भार शेवटी त्याच थकलेल्या यकृतावर पडतो.

बाजारात आज या विकारावरील गोळ्या, पुड्या व पेये यांचा सुकाळ झाला आहे, आणि प्रत्येकीवर प्राचीन परंपरेची मोहोर असते. निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी आता तिकडे लक्ष वळविले आहे. 2019 मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने हँगओव्हर हा आजार आहे असा निर्णय दिला, आणि म्हणून खाद्यपेय तो बरा करते अशी जाहिरात करता येणार नाही असे ठरविले. आपल्या आचार्यांनी त्याला रोगांच्या यादीत फार पूर्वीच बसविले होते, हे येथे सहज आठवते. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने असे पदार्थ विकणाऱ्या सात कंपन्यांना ताकीद दिली. दक्षिण कोरियात 2025 च्या आरंभापासून असा दावा छापावयाचा असल्यास माणसांवर केलेल्या परीक्षेचा पुरावा असणे आवश्यक झाले आहे. हा शेवटचा मार्ग विशेष योग्य वाटतो. त्यात परंपरेचा उपहास नाही आणि तिची आंधळी पूजाही नाही. परंपरेने साक्ष द्यावी आणि परीक्षेने निवाडा करावा, एवढीच त्यातील अपेक्षा आहे.

सर्व विचाराअंती घरी करण्याजोगे जे उरते ते अगदी साधे आहे. पाणी घोटघोट प्यावे, लिंबाचे किंवा कोकमाचे साखरमीठ घातलेले सरबत, खजूर व मनुका यांचा मंथ, पातळ ताक, मऊ भात अशा हलक्या गोष्टी सोसतील तेवढ्या घ्याव्यात, झोप घ्यावी, आणि तो दिवस वाहन चालविण्याचा नव्हे, हे ओळखावे. याने विकार बरा होतो असे नव्हे. तो आपल्या पावलांनी निघून जाईपर्यंत शरीराला आधार मिळतो. मुळावर घाव घालणारा उपाय मात्र मात्रेत आहे. मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले. चरकानेही मदात्ययाच्या त्या दीर्घ अध्यायात, मद्याचे गुण, दोष, विधी व उपचार यांचा सविस्तर विचार केल्यावर, सर्व प्रकारच्या मद्यापासून दूर राहणाऱ्या जितेंद्रिय पुरुषाला शरीराचे व मनाचे हे विकार शिवत नाहीत असे नमूद करून ठेवले आहे. या एका उपायापुरते प्राचीन वैद्य आणि अर्वाचीन परीक्षक यांच्यात दुमत नाही.